रिकामा माणूस पाठवा

मी एक बाळ बोलतोय. रबराचं आहे म्हणून हसू नका. या इस्पितळात मी पुष्कळ काळ तोंड मिटून काढला. आता मिटणार नाही.

जन्मलेलं मूल रडलं नाही, त्यानं श्वास घेतला नाही, तर त्या पहिल्या मिनिटात काय करायचं, हे शिकवण्यासाठी मला घडवलंय. माझ्या अंगातून दोन नळ्या निघतात आणि त्यांना दोन फुगे आहेत. एक दाबला की नाळेत ठोके लागतात, दुसरा दाबला की मी रडतो. तोंडावर मास्क घट्ट बसला आणि मान बरोबर ठेवली, तरच माझी छाती वर येते. अंगात पाणी भरलं की मी खऱ्या बाळाएवढा जड होतो. पाणी नसेल तर मी नुसतं कातडं. हे पाण्याचं तेवढं लक्षात ठेवा.

सार्वजनिक इस्पितळांना तांत्रिक मदत म्हणून माझी भावंडं ठिकठिकाणी गेली. मदतीबरोबर प्रशिक्षण आलं आणि प्रशिक्षणाबरोबर एक पत्र आलं: प्रत्येक इस्पितळानं एक माणूस पाठवावा. पुढे काय झालं ते मी वॉर्डात इतक्यांदा ऐकलंय की समोर घडल्यासारखं सांगू शकतो.

"कोण रिकामं आहे?" इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी विचारलं.

बाळंतपणाच्या वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "साहेब, मला पाठवा. माझ्याच कामाचं आहे ते."

"तुम्ही गेलात तर वॉर्ड कोण बघणार?"

"कुणीतरी बदलीला द्या ना."

"बदलीला माणसं असती तर काय हवं होतं! तुम्ही वॉर्डाचं बघा. रिकामा माणूस पाठवू."

रिकामा माणूस म्हणजे भांडारातले भाऊ. आग विझवणं, कचरा वेगळा करणं, संगणक, ताणतणाव, एकूण एक प्रशिक्षणं भाऊंच्या नावावर जमा. दरवेळी एक कापडी पिशवी मिळायची आणि तिच्यातून ते भाजी आणायचे. घरी मेथी आगीच्या पिशवीत आणि कांदे ताणतणावाच्या.

"भाऊ, या खेपेला पिशवी कसली?" वॉर्डातल्या मावशीनं विचारलं. झाडलोट, बाळंतिणीचे कपडे, रडणाऱ्या सासवांची समजूत, सगळं मावशीकडे. "चेनची असली तर मला द्या. सुनेचे दिवस भरत आलेत, सामान न्यायला होईल."

"तुमच्या नातवाला माझ्याकडून पिशवी पक्की, मावशी."

इथंच माझं डोकं फिरतं. ज्याच्यावाचून काम अडतं त्याला जागचं हलू देत नाहीत, आणि ज्याच्यावाचून कुणाचं काही अडत नाही तो शिकून येतो. एकदा असं झालं तर चूक म्हणू. दरवेळी होतं, सगळीकडे होतं, आणि त्याला नियोजन म्हणतात!

प्रशिक्षण एका मोठ्या हॉटेलच्या सभागृहात झालं. समोर माणसंच माणसं, आणि खोक्याबाहेर काढलेलं बाळ मी एकटा. प्रशिक्षकबाईंनी पाणी मागितलं, तर व्यवस्थापक हात जोडून म्हणाला, "मॅडम, गालिचा खराब होईल." म्हणून माझ्यात हवा भरली. बाळ हातात घेतल्यावर मनगटाला जे वजन जाणवतं तेच गेलं. बाई कळकळीनं सांगत होत्या, "फुलाचा वास घेताना मान असते तशी ठेवा. फार मागे नाही, फार पुढे नाही." मागच्या रांगेला ना फूल दिसलं ना मान. मला हात लावायची पाळी भाऊंपर्यंत येण्याआधी जेवणाची वेळ झाली. जेवणानंतर पाहुणे आले, मला उंच धरून फोटो काढले आणि सगळे प्रशिक्षित झाले.

भाऊंनी मला इस्पितळात आणलं. मी अजून एकदाही रडलो नव्हतो, आणि माझी नोंद टेबलखुर्च्यांबरोबर डेडस्टॉकच्या वहीत झाली. मग कपाट, कपाटाला कुलूप.

सिस्टर एकदा मागायला आल्या. "भाऊ, ते बाळ वॉर्डात द्या की. थोडा हात बसू दे आमचा."

"सिस्टर, फाटलं तर माझ्या पगारातून कापतील. साहेबांची चिठ्ठी आणा."

साहेब म्हणाले, "महागडी वस्तू आहे, कशाला हाताळता?" बघा म्हणजे! हाताळण्यासाठीच जन्मलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. सुरी आणायची आणि बोथट होईल म्हणून भाजी दातांनी तोडायची.

मग ती दुपार आली. भांडाराच्या दारात मावशी ओरडत होती, "भाऊ, चला! तुम्ही शिकून आलात ना? पोर रडत नाही! डॉक्टरीणबाई ऑपरेशनात अडकल्यात, चला ना!"

भाऊंनी कुलूप काढलं, मला काखोटीला मारलं आणि धावले. मला कशाला घेतलं, त्यांनाही ठाऊक नसावं.

टेबलावर मावशीचा नातू होता. निळसर, गप्प. सिस्टरनं त्याला पुसलं, चोळलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या. भिंतीवरचा मास्क वेष्टन फाडून काढला, लावला, त्याचा हवेचा फुगा दाबला. मान फार मागे गेली होती. मला दिसत होतं. छाती हलत नव्हती.

"भाऊ, मान कशी? सांगा ना, कशी ठेवायची?"

भाऊ उभे होते. ओठ हलले. "फूल..." एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "मी शिकलोय, सिस्टर. पण मला येत नाही."

डॉक्टरीणबाई धावत आल्या तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो वाचलाच असता, असं मी म्हणत नाही. काही बाळं कुणाच्याच हातानं वाचत नाहीत. पण त्याला जी संधी द्यायची होती ती माझ्या पोटात होती, आणि मी कुलपात होतो.

चौकशी झाली. वॉर्डासाठी प्रशिक्षित कर्मचारी उपलब्ध होता का? साहेबांनी सांगितलं, होता. खोटं नव्हतंच ते! भाऊ होतेच की, बाळापासून हातभर अंतरावर.

त्यानंतर भाऊ मला कपाटात ठेवेनात. भाजीच्या पिशवीत घालून त्यांनी मला वॉर्डात आणलं आणि सिस्टरच्या टेबलावर ठेवलं. "कापू दे पगार," म्हणाले. मग त्यांनी प्रशिक्षकबाईंना फोन लावला. इतक्या प्रशिक्षणांतून त्यांच्याकडे एक गोष्ट खरोखर जमली होती, सगळ्यांचे नंबर.

बाई आल्या. वॉर्ड पाहून म्हणाल्या, "मला सगळीकडे सभागृहच दाखवतात. हे आज पहिल्यांदा कुणी दाखवलं. बरं, नळ कुठाय?"

आणि माझ्यात पाणी भरलं गेलं. पहिल्यांदाच मी जड झालो. दोन बाळंतपणांच्या मधल्या वेळात, उभ्याउभ्या, त्यांनी वॉर्डातल्या एकेकीच्या हातात मला दिलं. भाषण नाही, पाहुणे नाहीत. चुकलं की पुन्हा. बाई पुढेही येत राहिल्या, काय विसरलं ते बघायला. आता पाळी बदलताना प्रत्येकीनं एकदा मला रडवायचं, असा रिवाजच पडलाय.

माझा रडायचा फुगा मावशीच्या मुठीत असतो. तिनं तो मागूनच घेतला. मान चुकली की ती फुगा दाबत नाही.

"अगं मावशी, दाब की! झालं ना बरोबर."

"छाती कुठं हलली? माझ्याशी लबाडी नको. पुन्हा कर."

मी गप्प पडून राहतो. ती माझ्या छातीकडे बघत असते. मग छाती वर येते, ती मूठ आवळते आणि मी रडतो. दरवेळी ती तोंड फिरवते.

गेल्या पावसाळ्यानंतर एक मुलगी अशीच निळी जन्मली. सिस्टरनं मान फुलाच्या वासाएवढीच ठेवली, फुगा दाबला, छाती वर आली. मुलगी रडली तेव्हा बाहेर उभ्या तिच्या आजीला वाटलं, सगळीच बाळं रडतात, त्यात काय एवढं. मावशीचा नातू मात्र परत आला नाही. येत नसतो.

आता माझी टाच गळते, तिथं चिकटपट्टी आहे. गाल घासून पांढरे पडलेत. इतकं सुंदर मी कधीच दिसलो नव्हतो.

आणि आज पुन्हा पत्र आलंय. प्रशिक्षणाचा पुढचा टप्पा, तेच सभागृह. बाळ स्वच्छ करून जमा करावं, आणि एक माणूस पाठवावा. साहेबांनी भाऊंना फोन केला. भाऊ वॉर्डाच्या दारात फोन कानाला लावून उभे आहेत. आत सिस्टरच्या हातात मी आहे, मावशीची मूठ तयार आहे.

साहेब, माझं ऐका. फोटो हवा असेल तर इथं या. शिकवायचं असेल तर नळ जिथं आहे तिथं शिकवा. आणि 'कोण रिकामं आहे' हा प्रश्न यापुढे कुणाला विचारू नका. त्याचं उत्तर एकदा पांढऱ्या फडक्यात गुंडाळून बाहेर गेलंय.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. टाचेतून पाण्याचा एक थेंब फरशीवर पडला.

"नाही साहेब," ते फोनवर म्हणाले, "बाळ रिकामं नाही."