चॉकलेटचा किल्ला आणि झिजलेला क्लच

पुतणीच्या रुखवतासाठी सुलभाकाकूंनी बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीचा किल्ला केला होता, अख्खा चॉकलेटचा, तटाबुरुजांसकट. पुण्याच्या वऱ्हाडाने तो बघून तोंडात बोट घालावं, एवढंच त्यांचं मागणं. आणि बसवनगुडीहून कार्यालयाकडे जाताना, हेब्बाळच्या पुढे, भर उन्हात गाडीचा एसी बंद पडला!

"अहो, वारा गरम येतोय! मेला माझा किल्ला!"

भगवंतरावांनी गाडी कडेला घेतली. "क्लचच असणार," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला.

काकूंनी ओळखलं, आता व्याख्यान. हा माणूस जन्मभर कारखान्यात विद्युतचुंबकी क्लच जोडून निवृत्त झालेला. बारसं असो की मुंज, पंगतीत यांचं सुरू: झेरॉक्स मशीनमध्ये क्लच, छापखान्यात क्लच, पाकिटं भरायच्या यंत्रात क्लच! शेजारचा माणूस ताक न पिताच उठायचा. काकू तर सुरुवातीलाच "भात वाढू का?" म्हणून त्यांचं तोंड बंद करायच्या.

पण मागच्या सीटवर एक बुरूज मान टाकायला लागला होता. अडला हरी!

"बरं, सांगा. पण स्वल्पच सांगा हं."

भगवंतरावांनी बॉनेट उघडलं. "इंजिन चालू असलं की हा पट्टा पुलीला सतत फिरवतो. पण कॉम्प्रेसर फुकट फिरत नाही. आतल्या वेटोळ्यात करंट गेला की त्याचं लोहचुंबक होतं. ते ही पुढची चकती टक्कन ओढून पुलीला चिकटवतं, मग कॉम्प्रेसर फिरतो. करंट थांबला की चकती सुटते. आता ही झिजलीय, मधली फट वाढलीय. त्यात वेटोळं तापलं, जोर कमी पडला."

"मग उपाय काय?" काकूंनी संसारात पहिल्यांदाच असा पुढचा प्रश्न विचारला. भगवंतरावांनी लगेच बाह्या सरसावल्या.

मग डिकीतली हत्यारं काढून त्यांनी चकती खोलली, मागचा एक पातळ वॉशर काढून टाकला आणि चकती परत बसवली. "फट कमी केली. आता कान देऊन ऐक."

इंजिन सुरू झालं, बटण दाबलं. टक्!

"आला गं बाई गार वारा!" काकू लहान मुलीसारख्या ओरडल्या.

एका बुरुजावर निभावलं. वऱ्हाड रुखवतापुढून हलेना. पंगतीत विहीणबाईंनी विचारलं, "किल्ला कोणी केला हो?"

"केला मी, राखला ह्यांनी," काकू म्हणाल्या. "कसा ते विचारा ना त्यांनाच."

भगवंतरावांनी घसा खाकरला. तेवढ्यात वाढपी आला. "भात वाढू का?"

"थांब रे जरा," काकू खेकसल्या, "सांगताहेत ना ते!"