मुकीसाठी पट्टा

कॅमेरा

कॅमेरा बाबांनी तबेल्याच्या दारातच नाकारला.

"घोडीच्या ठाणाच्या कोपऱ्यात वर बसवायचा," विक्रेता खोकं उघडत म्हणाला. "मग घरात बसून मोबाइलवर घोडी दिसते. अगदी अंधारातसुद्धा."

"अहो, अंधारातसुद्धा दिसते म्हणे," आई बाबांना म्हणाली. कुणीही काही बोललं की ते दुसऱ्यांदा सांगायची आईला सवय आहे. घरात आम्ही तिला लाऊडस्पीकर म्हणतो.

"आणि मोबाइलकडे टक लावून कुणी बसायचं?" बाबा म्हणाले. "त्यापेक्षा घोडीकडेच बघतो की. सिनेमा आहे का तो?"

कॅमेरा खोक्यात गेला.

हे सगळं कशासाठी

मागच्या खेपेला मुकीचं शिंगरू पिशवीतच गुदमरलं. पिशवी फाडायला दोन हात वेळेवर मिळाले असते तर ते जगलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ते दोन हात ठाणाच्या लाकडी भिंतीला लागून, खाटेवर झोपले होते. या तबेल्यातलं एकेक शिंगरू बाबांच्या हातांत जन्मलंय. माझ्या जन्माच्या आधीपासून घोड्या व्यायला आल्या की बाबांची खाट तिथेच पडते.

"हूं की चूं केलं नाही हिने," सकाळी बाबा एवढंच म्हणाले. तेव्हापासून तिचं नाव मुकी पडलं.

आता तिच्या सडांवर मेणासारखे थेंब आलेत. म्हणजे व्यायला आज, उद्या, फार तर परवा. डॉक्टरांनी बजावलंय की या वेळी एखादं यंत्र लावा, नाहीतर घोडी माझ्याकडे पाठवा.

दुसऱ्याच्या तबेल्यात आपली घोडी व्याली तर बाबा इथे काय करणार, हा प्रश्न घरात कुणी तोंडावर आणला नाही.

टाका

"हे एवढंसं यंत्र. डॉक्टर टाका घालून जन्मवाटेजवळ शिवतात. शिंगरू बाहेर यायला लागलं की आतला चुंबक निसटतो आणि अलार्म वाजतो."

"टाका घालून शिवायचं, अहो."

"आधी तुला शिवून बघू या का?" बाबांनी विक्रेत्याला विचारलं. तो हसला, पण एक पाऊल मागे सरकला.

शेपटीवरचं

हे यंत्र बाबांच्या आधी घोडीनेच नाकारलं. चावून.

पट्टा

पट्टा मात्र बाबांनी हातात घेऊन उलटासुलटा केला. शिवण ओढून पाहिली. घोडीच्या छातीमागून आवळायचा, रुंद, आतून मऊ. घाम आणि वारंवार आडवं पडणं त्याला कळतं, असं विक्रेता म्हणाला. आईने ते पुन्हा सांगितलं.

"आमची घोडी आवाज करत नाही," बाबा म्हणाले. "मुक्या जनावराला चालेल ना?"

"तिच्या आवाजाशी याचा संबंधच नाही."

"मग ठीक."

त्यांनी स्वतःच तो बांधला. पट्ट्याखाली दोन बोटं जातायत का पाहिलं, आमच्याकडे पाठ करून तिच्या मानेवर खरारा करू लागले. विक्रेत्याने अलार्मची डबी बाबांच्या मागच्या खुंटीला टांगली आणि चाचणीचं बटण दाबलं.

अलार्म वाजला तेव्हा काय काय हललं

मुकीचे दोन्ही कान.

छपरावरची कबुतरं, झाडून सगळी.

पलीकडच्या ठाणातला म्हातारा घोडा, जो हल्ली जेवणासाठीसुद्धा हलत नाही.

आईचा हात. तोंडावर गेला.

बाबांचा हात. मानेवरून खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. मघाच्याच लयीत.

नंतर

"आवाज वाढवता येतो," विक्रेता म्हणाला आणि वाढवला. आम्ही दोघींनी कान झाकले. खरारा चालूच.

मुकी बिचकून मागे सरकली तेव्हा बाबा वळले. त्यांनी खुंटीवरचा लाल दिवा पाहिला, मग आमचे कानांवरचे हात.

"वाजतंय का?"

विक्रेत्याने डबी बंद केली. आईने कानांवरचे हात खाली घेतले.

"कधीपासून?" मी तिला विचारलं.

"बरीच वर्षं. जवळचं, समोरचं कळतं. मुलांना सांगू नकोस म्हणाले." मग घाईने, "मी घरात होते गं त्या रात्री. मला खरंच वाटलं, घोडी गप्पच व्याली असेल."

बाबा आमच्या तोंडांकडे बघत नव्हते. ते ठाणाच्या भिंतीकडे बघत होते. तिथल्या दोन फळ्या नव्या आहेत.

"या मी बदलल्या," ते म्हणाले. "लाथांनी फोडल्या होत्या हिने. मला वाटलं, शिंगरू गेल्यावर फोडल्या." त्यांनी फळीवर तळवा टेकवला. "खाटेवर माझ्या उशाशीच आहेत की."

विक्रेता खोकी आवरू लागला. कुठली कुठे ठेवायची ते त्याला समजेना.

"मुकी म्हणू नका तिला," बाबा म्हणाले. "मला हाका मारत होती ती."

उशीखाली

विक्रेत्याने उपाय सुचवला, चांगुलपणानेच: मोबाइल उशीखाली ठेवा, थरथरतो. बाबांनी तो हातात धरून पाहिला.

"झोपेत मला हे कळेल? लिहून देतोस?"

त्याने मोबाइल परत घेतला.

मी बाबांच्या समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "डॉक्टरांकडे पाठवू या तिला." हळू म्हटलं, तरी त्यांनी ओठांवरून ओळखलं.

"हात चालतात अजून माझे," ते म्हणाले. मग, "अलार्म तुझ्या खोलीत लाव. वाजला की धावत ये, मला हलव."

"ही?" आई म्हणाली. "हिला उठवायला ढोल लागतो."

"मग तू हिला हलव. ही मला हलवेल. माझ्या एकट्याच्या भरवशावर नको."

मला घोड्यांपाशी एकटं राहू द्या, हे आम्ही बाबांच्या तोंडून जन्मभर ऐकत आलो होतो.

दुपार

विक्रेता जायच्या आधी बाबांनी त्याला थांबवून घेतलं. भर उन्हात खाटेवर आडवे झाले, भिंतीकडे तोंड करून. मी घरात गेले, पलंगावर पडले. विक्रेत्याने माझ्या खोलीत आणलेल्या डबीचं बटण दाबलं. आईने मला गदागदा हलवलं. मी अनवाणी अंगण ओलांडून धावले आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. ते उठले, फळीचं दार लोटून आत गेले, घोडीच्या मागे गुडघ्यांवर बसले. रिकामे हात पुढे केले.

घोडीने मान वळवून पाहिलं.

"उशीर," बाबा आतून म्हणाले. "पुन्हा."

मी घरात गेले.