डावीकडच्या दगडावर

पाहणीसाहेबांनी आयुष्यात पहिला फोटो काढला तो एका जळालेल्या गोदामाचा. त्यानंतरची एकतीस वर्षं त्यांनी मोडकं, जळकं, बुडालेलं आणि चेपलेलं सोडून दुसऱ्या कशाचाही फोटो काढला नाही. विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायचं त्यांचं काम, म्हणून पाहणीसाहेब. ते निवृत्त झाले, नाव काही झालं नाही.

असल्या फोटोंची शिस्त वेगळी असते. वस्तू मधोमध हवी. आजूबाजूचं झाडून सगळं दिसायला हवं, अंधारात काही लपता कामा नये, आणि आकार कळावा म्हणून शेजारी एखादं पेन ठेवायचं. अहवालाच्या शेवटी ते लिहीत, 'सोबतच्या फोटोंत कोणताही फेरफार केलेला नाही', आणि खाली सही ठोकत. एकतीस वर्षांत त्या वाक्यावर कुणाला बोट ठेवता आलं नव्हतं.

निवृत्तीनंतर हा माणूस निसर्गाच्या मागे लागला, तोही हीच शिस्त घेऊन.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर बुधवारी संध्याकाळी फोटो मंडळ भरायचं. ते चालवायच्या एक बाई. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, पण हातातली लाकडी फूटपट्टी काही सुटलेली नव्हती. पडद्यावर फोटो लागला की प्रत्येकाने आपली नजर आधी कुठे गेली आणि मग कुठे गेली ते सांगायचं. ज्याचा फोटो, त्याने मात्र तोंडाला कुलूप लावून बसायचं. खुलासे नाहीत, सबबी नाहीत, 'त्या दिवशी ऊनच नव्हतं हो' हे तर मुळीच नाही. जे काय बोलायचं ते फोटोने बोलावं, असा बाईंचा नियम.

पाहणीसाहेबांचा पहिला फोटो होता रानफुलाचा. फूल बरोब्बर मधोमध, आणि शेजारी निळं पेन.

"हे पेन कशाला?" बाईंनी विचारलं. पाहणीसाहेब तोंड उघडायला गेले तशी पट्टी वर झाली. "राहू दे, कळलं. फुलाचं नुकसान किती झालंय ते तेवढं नंतर कळवा."

अख्खी खोली हसली. पाहणीसाहेबांचे कान लाल झाले, पण पुढच्या बुधवारी ते पुन्हा हजर. ह्या माणसाचा हा गुण मानायला हवा. मार खाऊन पळून जाणाऱ्यांतले ते नव्हते. बाई म्हणाल्या, क्षितिज मधून कापू नका, आकाशाला द्यायची तर जास्त जागा द्या नाहीतर जमिनीला द्या. त्यांनी वहीत लिहून घेतलं. बाई म्हणाल्या, सावल्या उजळून उजळून धुऊन काढू नका, सावलीला सावली राहू द्या. तेही लिहून घेतलं. घरी कंप्युटरवर मुलीने फोनवरून शिकवलेली बटणं दाबत ते तासन्‌तास बसत, आणि बुधवारी नव्याने बोलणी खात.

मंडळाचं वर्षातून एकदा खालच्या दालनात प्रदर्शन भरायचं. वीस फोटो लागायचे. तीन वर्षं त्या विसांत पाहणीसाहेबांचा एकही नव्हता. आपल्याला त्याचं काही नाही, असं ते सगळ्यांना सांगायचे. पण होतं. चांगलंच होतं. एकतीस वर्षं त्यांचे फोटो फायलींत गेले होते. एक तरी भिंतीवर लागावा असं त्यांना फार वाटायचं.

दर रविवारी उजाडायच्या आत ते निघायचे, आणि सोबत बायको. तिला फोटोतलं ओ की ठो कळत नाही, असं ती स्वतःच सांगायची. पण ह्यांचा उजवा गुडघा कधी दगा देईल सांगता येत नव्हतं. "कुठे कडेला पडून राहिलात तर मला कळवायला कोण येणार?" असं म्हणून ती पहिल्या रविवारी निघाली ती निघालीच. अंगात लाल स्वेटर, उरलेल्या लोकरीतून स्वतः विणलेला, आणि हातात चहाचा थर्मास. तिथे पोचलं की पाहणीसाहेब म्हणायचे, "तू जरा तिकडे बस, मध्ये येऊ नकोस." ती बसायची. कधी तास, कधी दीड तास.

तळ्याचा फोटो अशाच एका रविवारचा. पाण्यावर धुकं, उजवीकडे एक निष्पर्ण झाड, मागे डोंगराची नुसती कड. घरी आल्यावर त्यांनी तो पडद्यावर लावला तेव्हा मागून बायकोने डोकावलं.

"अगंबाई, ही मी!" तिने डाव्या कोपऱ्यातल्या दगडावर बोट टेकवलं. "मुंगीएवढी. पण आहे!"

पाहणीसाहेबांचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. एवढा डोळ्यात तेल घालून बघणारा माणूस, पण बघत होता झाडाकडे.

बुधवारी फोटो पडद्यावर लागला. बाई खुर्चीतून उठल्या, जवळ गेल्या, लांब आल्या.

"हा तुमचा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो," त्या म्हणाल्या. "धुकं धुकंच ठेवलंत. झाडाला मोकळं सोडलंत. फक्त एक. माझी नजर आधी झाडावर जात नाही, ह्या लाल ठिपक्यावर जाते." पट्टीचं टोक दगडावर थांबलं. "इतरांचं काय?"

चार हात वर झाले. त्या चौघांचीही नजर लाल ठिपक्यावरच गेली होती.

"हा ठिपका नजर ओढतो. त्याचं काय करायचं ते ठरवा," बाई म्हणाल्या आणि पुढचा फोटो लावायला सांगितला.

ती माझी बायको आहे, असं सांगायची सोय नव्हती, नियम होता. नंतर जिन्यावर सांगता आलं असतं, पण जिन्यावर लोक अभिनंदन करत होते. त्यांना मध्येच थांबवून कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको झोपलेली असताना त्यांनी फोटो मोठा केला. ठिपक्याचा स्वेटर झाला, स्वेटरला हात फुटले, हातात थर्मास आला. आणखी मोठा केला तेव्हा दिसलं, ती ह्यांच्याकडेच बघत होती. तळं नाही, झाड नाही, कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे. त्यांनी पटकन फोटो पुन्हा लहान केला. डाग पुसायचा ब्रश घेतला आणि तीनदा बटण दाबलं. दगडावर दगड आला. इतका सफाईदार की त्यांच्यासारख्या पाहणी करणाऱ्यालाही संशय येऊ नये. लेन्सवरची धूळ पुसतोच की आपण, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि फोटो प्रदर्शनासाठी पाठवून दिला.

फोटो निवडला गेला. बायकोला त्यांच्यापेक्षा जास्त आनंद झाला. "तळ्याचा ना? मी आहे तोच?"

"तळ्याचाच," पाहणीसाहेब म्हणाले. हे खोटं नव्हतं. त्यांनी शब्द नीट निवडले होते, कामाची सवय.

बायकोने लगेच धाकट्या बहिणीला फोन लावला. "तू ये गं शनिवारी. भिंतीवर लागलेय मी. मुंगीएवढी आहे, चष्मा घेऊन ये." पाहणीसाहेब शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र उलटं नव्हतं एवढंच. सांगून टाकावं असं त्यांना त्या आठवड्यात दिवसातून दहादा वाटलं. सकाळी वाटलं तर संध्याकाळी सांगू म्हणाले, संध्याकाळी वाटलं तर जेवल्यावर. असं करता करता शनिवार उजाडला.

दालनात बरीच गर्दी होती. बायको आणि मेहुणी फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पाहणीसाहेब दोन पावलं मागे.

"कुठे गं ताई?"

"अगं ही काय..." बायकोने चष्मा पुसला. पुन्हा लावला. वाकली. काचेवर दगडाच्या जागी बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिली.

"झाडाआड असशील," मेहुणी म्हणाली. तिला एव्हाना कळलं होतं.

"झाडाआड कशाला? इथे होते. ह्यांनीच बसवलं होतं." ती मागे वळली. "अहो, मी इथे होते ना?"

"होतीस," पाहणीसाहेब म्हणाले. "तो ठिपका... नजर ओढत होता."

"कुणाची?"

चौघांची, पाच जणांची, असं सांगता आलं असतं. स्वतःची ओढली नव्हती हे खरं होतं, आणि ते तिला न सांगताच समजलं. ती रडली नाही की आवाज चढवला नाही. चष्मा काढून डबीत ठेवला.

"फोटो छान आलाय," ती म्हणाली. "मला तिथेच सांगायचं होतं. मी उठले असते की."

बाई बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दोघी बहिणी गेल्यावर त्या जवळ आल्या. "तो लाल ठिपका म्हणजे ह्या?"

"बोलायचं नव्हतं ना. तुमचा नियम."

"तो नियम खोलीत असतो. घरी कुणी तोंड धरलं होतं तुमचं? आणि मी काढा म्हटलं नव्हतं, ठरवा म्हटलं होतं. मला वाटलं कुणी परका आहे, तेव्हा मी तेवढंच सांगू शकत होते. ती कोण आहे हे तुम्हाला माहीत होतं."

आठवड्यातला सगळ्यात खरा शेरा तो होता, आणि वहीत लिहून घ्यायची गरज पडली नाही.

रविवारी पहाटे ते तयार होऊन उभे राहिले. बायको पांघरुणातूनच म्हणाली, "तुम्ही जा आज. मी उगाच मध्ये येईन." थर्मास तिने आदल्या रात्रीच भरून ओट्यावर ठेवला होता. तो बघून पाहणीसाहेबांना इतकी लाज वाटली की ते बूट काढून स्वयंपाकघरात तसेच बसून राहिले.

दहा वाजता वाचनालय उघडलं तेव्हा ते दारात होते. हातात दोन पानी अहवाल. पाहणीचा दिनांक, हवामान, दगडाचे वर्णन, वापरलेले साधन, चौदा मुद्दे. प्रदर्शन संपायच्या आत फोटो नव्याने छापून बदलणं जमणार नव्हतं, तेव्हा हे फोटोखाली चिकटवा, असं त्यांनी बाईंना सांगितलं.

बाईंनी दोन्ही पानं उभ्या उभ्या वाचली. "चौदा मुद्द्यांत लपलाय हा माणूस," त्या म्हणाल्या. "कापा."

"किती?"

"कबुली राहू द्या. बाकीचं सगळं काढा."

पाहणीसाहेबांनी टेबलाशी बसून कापलं. शेवटी एका कोऱ्या कार्डावर एवढंच उरलं: 'या फोटोत फेरफार केलेला आहे. डावीकडच्या दगडावर माझी बायको बसली होती. ती मी पुसून टाकली.' खाली सही, अहवालाखाली ठोकायचे तशीच.

घरी जाऊन त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. सांगायला गेले, पण माफीसुद्धा खुलाशासारखी यायला लागली, म्हणून थांबले. शेवटच्या दिवशी एवढंच म्हणाले, "फोटो उतरवायचाय. जड आहे. येतेस?" फोटो काही जड नव्हता. तिलाही ते माहीत होतं. ती लाल स्वेटर घालून आली.

दालनात त्यांच्या फोटोपुढे पाच-सहा जण उभे होते. बाकीच्या फोटोंपुढे एकेक. लोक कार्ड वाचायचे आणि वाकून दगडाकडे बघायचे. झाडाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

बायकोने कार्ड वाचलं. एकदा वाचलं, मग चष्मा लावून पुन्हा वाचलं. पाहणीसाहेब तोंडाला कुलूप लावून शेजारी उभे राहिले.

"किती वाजता ते लिहिलं नाहीत," ती म्हणाली. "साडेसहापासून बसले होते. थंडीने बोटं वळत नव्हती."

त्यांनी खिशातून निळं पेन काढलं आणि वेळ लिहिली. थंडीचंही लिहिलं.

तेवढ्यात एक अनोळखी बाई, हातात पुस्तकांची पिशवी घेतलेली, काचेला नाक टेकेल इतकी वाकली. "इथे होती म्हणे कुणी," ती स्वतःशीच म्हणाली. "काही म्हणजे काही दिसत नाही."

"मी होते," पाहणीसाहेबांची बायको म्हणाली.

त्या बाईने वळून तिच्याकडे बघितलं, मग स्वेटरकडे, मग पुन्हा रिकाम्या दगडाकडे. "तुम्ही? एवढ्या थंडीत काय करत होता तिथे?"

"काही नाही," ती म्हणाली. "ह्यांचं होईपर्यंत बसले होते."