सात वाटांनी

शांतवन मास्तरांशी वाद घालून निघालेला माणूस सात वाटांनी घरी जातो, हे फेब्रुवारीपर्यंत चर्चच्या सगळ्या मंडळीला ठाऊक झालं होतं. येताना तो फाटकातून एकटा येई. जाताना त्याचे सात होत, आणि सातांच्या वाटा सात.

सुरुवात झाली नव्या वर्षाच्या उपासनेत. दरवर्षीप्रमाणे बायबलमधल्या वचनांच्या चिठ्ठ्यांचं ताट फिरलं आणि मास्तरांच्या चिठ्ठीत निघालं, की शत्रू एका वाटेने चालून येतील, पण देव त्यांना सात वाटांनी पळवून लावील. मास्तरांनी ती चिठ्ठी फ्रेम करून दारावर ठोकली. शत्रू कोण, हे काही चिठ्ठीत नव्हतं. ते मास्तरांनीच ठरवलं. जो त्यांना 'नाही' म्हणेल तो.

पहिले गेले पाळकसाहेब. उपासनेची वेळ बदलू म्हणत होते. त्यांच्या बायकोने हिंडून चार पाळक गोळा केले, तिघे अजून सापडायचेत. रविवारी चौघे मिळून उपदेश करतात, तरी तो अपुराच राहतो. मग मास्तरांचा सख्खा भाऊ गेला. मग दूधवाला. तो बिचारा 'मी पाणी घालत नाही' एवढंच म्हणाला होता.

"देव लढतोय," मास्तर म्हणत आणि चवीने जेवत.

त्यांच्या बायकोच्या, सगुणाबाईंच्या जिवाला मात्र घोर लागला होता. वाटा आधी फाटकाबाहेर फुटत. पण प्रत्येक विजयानंतर तो फाटा थोडा आत सरके. जूनमध्ये तो शेवग्याखाली होता, ऑगस्टमध्ये धुण्याच्या दगडापाशी. आता उंबरठ्याला टेकला होता. अंगण म्हणावं असं काही उरलं नव्हतं. बाई स्वतः एकसंध राहिल्या त्या चाळीस वर्षं मान डोलावण्याच्या सवयीने.

"बघ, एकही शत्रू उरला नाही," मास्तर म्हणाले. शेजारीणही उरली नव्हती.

नोव्हेंबरात हन्ना आली. एकुलती एक लेक, जिल्ह्याच्या गावी नर्स होती. बाईंना डाव्या डोळ्याने काहीच दिसत नव्हतं आणि उजव्याने नुसतं धुकं. त्यांनी लेकीला दारातच धरलं.

"पप्पांना उलटून बोलू नकोस, बाळा. हो म्हण. माझं काय, चाललंय."

"काय चाललंय, आई? मीठ म्हणून साखर घालतेस आमटीत."

मास्तर खुर्चीत बसले होते. हन्ना त्यांच्यासमोर उभी राहिली. "पप्पा, आईला घेऊन जातेय. परवा ऑपरेशन आहे."

"प्रार्थना चालू आहे. विश्वास असला की दिसतं."

"नाही, पप्पा. मोतीबिंदू पिकलाय. थांबून चालणार नाही."

मास्तर चिडले नाहीत. त्यांना आता चिडावं लागतच नसे. त्यांनी फ्रेमकडे बोट केलं.

"पोटची पोर आहे हो," बाई म्हणाल्या. "तिला शत्रू कसं म्हणता?"

"मी कुठे म्हणतोय? वचन म्हणतंय."

हन्नाने एका हातात पिशवी घेतली, दुसऱ्या हातात आईचा हात, आणि उंबरठा ओलांडला. बाईंच्या मुठीतला हात आधी हलका झाला, मग करंगळीएवढा, मग निसटला. सात हन्ना सात वाटांनी निघाल्या. सातही जणींच्या हातात तीच पिशवी. एकीनेही मागे पाहिलं नाही.

बाईंना राग आला.

"नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "हे देवाचं काम नाही. तुमचं आहे." आणि बाहेर पडल्या.

दुखलं काहीच नाही. फक्त तळपायांना एकाच वेळी मुरूम लागला, डांबर लागलं, काळी माती, गवत, चिखल, रेती आणि गार फरशी. प्रत्येक वाटेवर पुढे एक हन्ना होती, अंधुक, हाकेच्या अंतरावर. मागे मास्तरांनी मोठ्याने देवाची उपकारस्तुती सुरू केली.

"बाळा, थांब! मी आलेय," सातही सगुणाबाईंनी हाक मारली.

हाक कुणाची हे वळून न पाहताच, ती त्या घराकडून आली एवढंच ऐकून सातही हन्ना पळू लागल्या.