दहापैकी तीन

बायको जाऊन दोन महिने झाले होते. त्या सकाळी मी चौदा इंची पाना कापडी पिशवीत घातला आणि तातडीच्या दवाखान्यात गेलो. दारातल्या टेबलापाशी बसते त्या सिस्टरच्या तोंडावर तो मारायचा, एवढंच ठरवलं होतं. पुढचं काही ठरवलं नव्हतं. तीस वर्षं नळजोडणीचं काम केलंय. गंजून बसलेले नट या पान्यानं सुटतात, तिथे एका जबड्याचं काय.

त्या दवाखान्यात कधी गेला नसाल तर सांगतो. आधी आला तो आधी आत, असं तिथे नसतं. दारातच टेबल. सिस्टर नाव विचारते, बोटाला चिमटा लावते, दंडाला पट्टा बांधते आणि विचारते, दुखणं दहापैकी किती? तुम्ही सांगाल तो आकडा ती कागदावर लिहिते आणि रंगीत चिठ्ठी देते. लाल चिठ्ठी थेट आत. पिवळी म्हणजे बसा. हिरवी म्हणजे घरून डबा मागवून बसा.

माझी बायको म्हणाली, "तीन."

तिला पाठीत कळ येत होती. घामानं ब्लाउज भिजला होता. पण पट्ट्यावरचा आकडा बरा आला आणि तोंडानं तीन म्हणाली, म्हणून पिवळी चिठ्ठी मिळाली. आम्ही दुसऱ्या रांगेत भिंतीकडच्या खुर्च्यांवर बसलो. दोन तासांनी तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मला वाटलं, डोळा लागला. मी खांदा हलू दिला नाही. नंतर डॉक्टर म्हणाले, छातीतली मोठी नस फाटली होती.

तिचा भाऊ तेराव्या दिवसापर्यंत माझ्याशी नीट बोलला. नंतर म्हणायला लागला, "भावजी, माझ्या बहिणीला बसवून मारलं तिनं, आणि तुम्ही घरात वर्तमानपत्र वाचताय." बोलून बोलून त्यानं माझं डोकं पोखरलं असं मी म्हणणार नाही. डोकं माझंच होतं, पानाही माझाच.

मी गेलो तेव्हा अकरा वाजले असतील. सिस्टर तीच होती. पन्नाशीची, जाड भिंगाचा चष्मा, पेन दोरीनं गळ्यात. मी लांब, शेवटच्या रांगेत बसलो आणि पिशवी मांडीवर घेतली. गर्दी कमी झाली की उठायचं होतं. दुसऱ्या रांगेत भिंतीकडच्या खुर्चीवर एक माणूस बिस्किटं खात होता. मी तिकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात एक ट्रकवाला धाकट्या भावाला घेऊन आत शिरला. भावाची दोन बोटं साखळीत चेंबली होती. टॉवेल भिजून रक्त फरशीवर ठिबकत होतं. सिस्टरनं टॉवेल सोडून बघितलं, कापूस दाबून घट्ट पट्टी बांधली आणि हात डोक्याच्या वर धरायला सांगितलं. किती दुखतंय, असं तिनं भावाला विचारलं, पण उत्तर ट्रकवाल्यानं दिलं. म्हणाला, दहा, नाहीतर बारा लिहा. सिस्टरनं पिवळी चिठ्ठी दिली. रक्त थांबलंय, बोटं वाचतील, बसा, म्हणाली.

त्यांच्या मागे एक म्हातारी होती, सुनेच्या हाताला धरून आलेली. रक्त नाही, आरडाओरड नाही. सिस्टरनं विचारलं तर म्हणाली, काही नाही गं बाई, जरा दमलेय, दोन लिही हवं तर.

सिस्टर लिहायची थांबली. सुनेकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही किती म्हणाल?"

सून म्हणाली, "सिस्टर, आई खोटं बोलतायत. पाय मोडला होता तेव्हाही दोनच म्हणाल्या होत्या. आठ लिहा."

म्हातारी सुनेवर डाफरली, की चारचौघांत सासूला खोटारडी म्हणतेस. सिस्टरनं ऐकून घेतलं आणि लाल चिठ्ठी फाडून दिली. वॉर्डबॉयनं म्हातारीला चाकाच्या खुर्चीत बसवून आत नेलं.

हा प्रश्न त्या दिवशी तिनं मला विचारला नव्हता.

ट्रकवाला उठला. आम्ही आधी आलो, भावाचं रक्त सांडतंय आणि ही थकली म्हणून आधी, असं काहीतरी बोलत टेबलापाशी गेला. सिस्टर शांतपणे समजावत होती. त्यानं टेबल उचलून तिच्या अंगावर उलटं केलं. दंडाच्या पट्ट्याचं यंत्र तिच्या नाकावर आदळलं. ती उठायला लागली तसं त्यानं तिचे केस धरले आणि तोंड बाजूच्या काउंटरच्या काचेवर आपटलं. एकदा. परत एकदा. दुसऱ्या वेळी काच फुटली. वॉचमन मधे पडला, तर त्याच्या पोटात गुडघा बसला आणि तो तिथेच बसून ओकला. बाकीचे लोक खुर्च्यांना चिकटून राहिले.

मी उभा होतो. पाना हातात होता, पिशवीतून कधी काढला ते आठवत नाही. सिस्टर फरशीवर पडली होती, तोंड माझ्याकडे, नाकातोंडातून रक्त, चष्म्याची एक काडी कानावर अडकलेली. दोन महिने डोळे मिटले की जे दिसायचं, ते समोर आयतं पडलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं.

ट्रकवाल्यानं लाथ मारायला पाय मागे घेतला आणि मी पाना त्याच्या दंडावर घातला. लोखंडावर मारलं की हात झिणझिणतो. हाडावर मारलं की झिणझिणत नाही, पाना आत जातो. तो वळला. मी दुसरा घाव मनगटावर घातला. त्याचा हात भलतीकडेच वाकला आणि तो गुडघ्यावर आला. तिसऱ्या वेळी मी पाना डोक्यावरून उचलला. खाली त्याची टाळू होती. मी तो मारला असता. थांबलो असतो असं मी पोलिसांनाही सांगितलं नाही, इथेही सांगत नाही.

त्याच्या भावानं चांगल्या हातानं भिंतीवरचा आग विझवायचा लाल सिलिंडर काढला आणि मागून माझ्या डोक्यात घातला.

शुद्धीवर आलो तेव्हा मी फरशीवर होतो. काचा झाडल्या होत्या, टेबल परत उभं होतं. सिस्टरच्या दोन्ही नाकपुड्यांत कापूस होता, ओठ सुजून फाटला होता आणि ती चिठ्ठ्या लिहीत होती. डॉक्टर तिला आत चला म्हणत होते. ती म्हणाली, या तिघांना चिठ्ठ्या देते आणि येते. ट्रकवाल्याचा हात तिनं स्वतः फळीला बांधला आणि त्याला लाल चिठ्ठी दिली. तो लहान मुलासारखा रडत होता, ताई दुखतंय म्हणत होता.

मग ती माझ्याजवळ येऊन बसली. डोक्याला गॉज दाबला. तिनं मला ओळखलं होतं.

"त्या बाईंना पिवळी मीच दिली होती," ती म्हणाली.

मी म्हटलं, "पाना तुमच्यासाठी आणला होता."

तिचा हात थांबला. मला वाटलं, आता ही उठून जाईल. तिनं गॉज आणखी दाबला, इतका की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग म्हणाली, "त्या दिवसापासून मी सोबतच्यालाही विचारते. तेव्हा विचारलं असतं, तर तुम्ही किती म्हणाला असता?"

हे मी मेहुण्याला सांगितलं नव्हतं. माझी बायको दुखणं अंगावर काढणारी. बाळंतपणाच्या कळा सुरू असताना तिनं कपडे वाळत घातले होते. तिचे तीन म्हणजे दुसऱ्याचे नऊ, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत. पण त्या दिवसाच्या महिनाभर आधी आम्ही तिथे चार तास बसून आलो होतो आणि निघाला होता नुसता गॅस. म्हणून त्या दिवशी रिक्षात मी तिला म्हणालो, "उगाच तमाशा करू नकोस. जेवढं आहे तेवढंच सांग." ती म्हणाली, "नाही हो, तुमचं अर्ध्या दिवसाचं काम बुडवणार नाही." टेबलापाशी तिनं तीन म्हणायच्या आधी माझ्याकडे बघितलं होतं. मी घड्याळाकडे बघत होतो.

हे सगळं मी सिस्टरला सांगितलं. शेवटी म्हटलं, "तुम्ही विचारलं असतं तरी मी तीनच म्हणालो असतो."

तिनं माझ्या बोटाला चिमटा लावला. दंडाला पट्टा बांधला, तो फुगून सुटेपर्यंत थांबली.

"डोकं दहापैकी किती दुखतंय?"

"तीन," मी म्हणालो.

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

तिनं चष्म्याच्या उरलेल्या काडीला धरून माझ्याकडे बघितलं. मग आकडा स्वतःच्या मनानं लिहिला. किती लिहिला ते मला दिसलं नाही. चिठ्ठी लाल होती.

पोलीस आले तेव्हा ती त्यांना म्हणाली, आधी टाके, मग तुमचं. पाना त्यांनी कागदात गुंडाळून नेला. चाकाची खुर्ची येईपर्यंत मी दुसऱ्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीत बसलो. बिस्किटांचा चुरा होता, तो हातानं झाडला.