एका दिवसाचा कागद

खोक्यांच्या कारखान्यात त्याला सगळे कायदेभाऊ म्हणत. नवा माणूस कामावर घ्यायचा, त्याचं कार्ड काढायचं, सरकारदरबारी वेळेवर कागद भरायचे, ही सगळी त्याची कामं. या परक्या देशातले कामगारांचे नियम त्याला इतके तोंडपाठ, की मालक शिंकायचे तेही त्याला विचारून. फक्त स्वतःला लागू होणारा एक नियम त्याने कधी नीट वाचला नव्हता. शहाण्या माणसांचं हे असंच असतं.

तो नियम त्याला परवाना कचेरीतल्या काचेमागच्या बाईंनी वाचून दाखवला. पाच वर्षं नोकरी झाली की बायकोला आणि मुलांना इथे आणता येतं, मूल मात्र अठराच्या आतलं हवं. इतकं त्याला ठाऊक होतं. म्हणून तर पाच वर्षं भरल्याच्या तिसऱ्याच दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत पहिला उभा होता. तिकडे मुलीने पलंगाची कुठली बाजू आपली, हेसुद्धा फोनवरूनच ठरवून टाकलं होतं.

"नोकरी सलग हवी," बाई म्हणाल्या. "तुम्ही दर वर्षी एक दिवस नोकरीत नव्हता. मागच्या खंडापासून मोजलं, तर तुमचं जेमतेम एक वर्ष होतंय. चार वर्षांनी या."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो खंड कुणी घातला होता? त्यानेच, स्वतःच्या हाताने.

त्याचं असं होतं. सलग बारा महिने भरले की कामगार कायम होतो आणि मग आजारी पडला म्हणून त्याला काढता येत नाही. मालकांना कायम माणसं नको होती. म्हणून दर वर्षी एका ठरल्या शुक्रवारी सगळ्यांनी एका दिवसाचा राजीनामा लिहून द्यायचा आणि शनिवारी पुन्हा नोकरीला लागायचं. त्या शुक्रवारीही यंत्रं चालू, माणसं हजर, फक्त कागदावर सगळे घरी. ही रीत जुनीच; तो आला त्या वर्षी लोक कुरकुरले, तेव्हा कायदेभाऊने यादीत सगळ्यांत वर स्वतःचं नाव घातलं. "बघा, मीही आहे यात. एका दिवसाने काय होतं?" झालं, कुरकुर थांबली. त्याला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता तेव्हा.

कचेरीच्या पायरीवर बसून त्याने बोटांवर हिशेब मांडला. आणखी चार वर्षांनी मुलगी अठराला तीन महिने कमी असेल. पण यंदाचा शुक्रवार चार दिवसांवर आला होता. त्या यादीत नाव गेलं, की पुन्हा पहिल्यापासून पाच वर्षं, आणि मुलगी कायमची तिकडेच. बायकोचा निरोप आला होता, 'झालं का?' त्याने लिहिलं, 'थोडं बाकी आहे.' चार वर्षांना थोडं म्हणायची वेळ आली.

मालकांनी त्याचं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो, निदान आवाज तरी चढवत नसे.

"जुने कागद दुरुस्त करता येणार नाहीत. एकाचं केलं की बेचाळीस जणांचं करावं लागेल. आणि खोटे कागद भरले कुणी म्हणून विचारलं, तर खाली सही तुझी आहे."

"जुनं राहू दे, साहेब. यंदा तरी माझं नाव नको."

मालकांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "बरं. नको घालू. पण बाकी एकेचाळीस सह्या मला शुक्रवारच्या आत हव्यात. कुरकुर नको. कशी थांबवायची ते तुला येतं."

त्याने नवी यादी काढली. स्वतःचं नाव गाळल्यावर सगळ्यांत वर आलं ते मावशीचं. मावशी म्हणजे कारखान्यातली सगळ्यांत जुनी बाई, आठ वर्षं उभ्याने खोकी दुमडणारी. तो कागद घेऊन गेला तेव्हा ती टेबलाला टेकून एक पाय हलका करत होती.

"कायदेभाऊ, यंदा मला वगळता येतं का बघा ना," ती हळूच म्हणाली. "गुडघे संपले माझे. डॉक्टर म्हणतात, बसून काम करा. कायम झाले तर हक्काने खुर्ची मागेन. नाहीतर ज्या दिवशी बसेन त्या दिवशी घरी पाठवतील."

तिचं म्हणणं कायद्याला धरून होतं. हा नियम तिला त्यानेच समजावला होता.

"एकाला वगळलं की सगळ्यांना वगळावं लागतं, मावशी," तो म्हणाला. मालकांचे शब्द आपल्या तोंडात किती चपखल बसले, हे त्याचं त्यालाच जाणवलं आणि लाज वाटली. पण लाज वाटूनही त्याने कागद मागे घेतला नाही.

"तेही खरंच," मावशी म्हणाली. मग तिला आठवलं. "अहो, तुमच्या परवान्याचं काय झालं? लेक कधी येतेय?"

"चालू आहे काम."

"येईल हो. पाच वर्षं नाकासमोर चाललात तुम्ही." तिने हात एप्रनला पुसले, पेन घेतलं आणि थांबली. "तुमचं नाव आहे ना यंदा?"

चष्मा तिच्या खिशात होता. काढला असता तर पहिल्याच ओळीत दिसलं असतं.

"आहे ना, मावशी."

"मग मी कशाला रडू," ती म्हणाली, आणि त्याने बोट ठेवलं तिथे तिने सही केली.