कच्चं पीठ

गॅस मीच पेटवला. कुणावर ढकलण्यात अर्थ नाही.

दुपारचा एक वाजला होता. लेक टपाल कचेरीत कामावर, नात माझ्याकडे. सहा वर्षांची आहे पण दिसते चारची, म्हणून मी तिला बुटकू म्हणते. तिच्या यकृतात साखरेचा साठा भरपूर, पण तो रक्तात उतरतच नाही. कोठार भरलेलं आणि किल्ली हरवलेली. म्हणून दर चार तासांनी तिला कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून पाजायचं, कच्चंच. गॅसजवळसुद्धा नेऊ नकोस, असं लेकीने जाताना तीनदा बजावलं. मी मान डोलावली.

पण माझी तीस वर्षं वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेली. दोनशे पोरींना जेवू घातलं, कच्चं पीठ एकीच्याही पोटात जाऊ दिलं नाही. आणि माझी स्वतःची नात नाक दाबून, डोळ्यांत पाणी आणून ते गिळणार, त्यात खोकला झालेला. मला बघवेना. म्हटलं, डॉक्टरांना औषधातलं कळतं, चुलीपुढचं काय कळणार? तेवढंच पीठ घेतलं, तेवढंच पाणी. फक्त दोन उकळ्या आणल्या. मेलीने वाटी चाटूनपुसून लख्ख केली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

मग ती झोपली. पोट भरलं की झोप येतेच, म्हणून मी वर पांघरूणही घातलं. तीनला कपाळावर घाम दिसला, तर पंखा वाढवला. साडेतीनला हाक मारली, उठेना. गाल गार पडले होते. साखरेचा डबा उपडा झाला, जमिनीवरची साखर उचलून मी तिच्या गालात चोळली. शेजारच्या शिंप्याने गाडी काढली. वाटेत मी एकच म्हणत होते, देवा, हिच्याऐवजी मला ने.

रक्तातली साखर सत्तरच्या वर हवी, ती सत्तावीस निघाली. सलाईन लावल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय दिलं होतं?

"रोजचंच दिलं हो. फक्त शिजवून."

त्यांनी चष्मा काढला. "आजी, कच्चं पीठ पोटात हळूहळू विरघळतं, चार तास पुरतं. शिजवलं की दीड-दोन तासांत संपतं."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सहाला बुटकूने डोळे उघडले. लेक पायथ्याशी बसून होती. डॉक्टरीणबाईंनी सातला पुन्हा पीठ द्यायला सांगितलं. लेकीने ते वजन करून पेल्यात घातलं आणि पेला माझ्यापुढे धरला.

"आई, तूच दे. उद्याही मला कामावर जायचंच आहे."

मी गार पाणी ओतून कालवलं. पोरीने पेल्यात पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"आजी, दुपारचं दे ना. ते छान होतं."

इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी पुन्हा मागितलं आणि मी वाढलं नाही, असं झालं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. तिचं नाक माझ्या बोटांत धरलं आणि पेला तिच्या ओठांना लावला.